शिंपल्यांच्या डेटात दोन-दोन मायटोकॉन्ड्रिया दिसतायत, सगळे हायब्रिड धरायचे का?

सागरगोटी

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितेय, पण गेले दोन आठवडे यातच अडकलेय म्हणून सगळं नीट सांगते. मास्टर्सचा प्रोजेक्ट आहे, निळ्या शिंपल्यांवर. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर मायटिलस एड्युलिस आणि मायटिलस गॅलोप्रोव्हिन्सियालिस या दोन प्रजाती जिथे एकमेकींत मिसळतात त्या पट्ट्यातल्या चार ठिकाणचे नमुने लॅबच्या फ्रीझरमध्ये होते, ते माझ्याकडे दिले आणि सांगितलं की यातले हायब्रिड किती ते काढ. ऐकायला सोपं वाटलं होतं.

प्रत्येक शिंपल्याच्या आतला कडेचा तुकडा कापून डीएनए काढला, बारा मायक्रोसॅटेलाइट (केंद्रकातल्या डीएनएवरच्या ओळखखुणा, म्हणजे मार्कर) चालवले आणि मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग, त्याचा डीएनए वेगळा असतो) सीओआय जीन सिक्वेन्सिंगला पाठवला. आता तीन गोष्टी अशा आल्यात की एकीचा दुसरीशी मेळ बसत नाहीये.

पहिली, सीओआयच्या ग्राफमध्ये जवळजवळ निम्म्या शिंपल्यांना एकावर एक असे दोन-दोन पीक. म्हणजे डीएनएच्या एकाच जागी सी हे अक्षर पण आणि टी पण, आणि असं एका ठिकाणी नाही तर अख्ख्या सिक्वेन्सभर. मला वाटलं नमुने एकमेकांत सांडले असतील म्हणून पुन्हा डीएनए काढला, पुन्हा तेच, आणि त्याच शिंपल्यांना. मग वाटलं हे हायब्रिड असणार, एक आईकडून आला आणि एक बापाकडून. पण मायटोकॉन्ड्रिया तर फक्त आईकडून येतो ना?? दुसरी, चारपैकी एका ठिकाणी हेटेरोझायगोट (एकाच जीनचे दोन वेगळे प्रकार असलेले प्राणी) अपेक्षेपेक्षा खूप कमी. हायब्रिड असतील तर उलट जास्त यायला हवेत असं माझं साधं गणित. तिसरी, स्ट्रक्चर या प्रोग्रामच्या रंगीत पट्ट्यांमध्ये (कुणात कुठल्या प्रजातीचा किती वाटा ते दाखवतात) बरेच शिंपले साठ-चाळीस, सत्तर-तीस असे दुरंगी, बरोबर अर्धे-अर्धे फार थोडे. गाइडनी वरवर बघितलं आणि म्हणाले दुरंगी ते हायब्रिड, लिहून टाक. मला पटत नाहीये.

आणि खरं तर ज्या प्रश्नाने झोप उडवलीय तो याच्याही मागचा आहे. शिंपल्याची अळी तीन-चार आठवडे पाण्यात वाहत फिरते, समुद्राला ना डोंगर आडवा येतो ना नदी, अंडी आणि शुक्राणू तर सरळ पाण्यातच सोडले जातात. मग या दोन प्रजाती आजवर वेगळ्या राहिल्याच कशा, आणि हायब्रिड होतायत तर हजारो वर्षांत सगळ्यांचा एकच काला का झाला नाही?

जुनी_भरती

बाकीचं नंतर, आधी एकच सांग. कडेचा तुकडा म्हणजे मँटल का? दोन्ही शिंपांच्या आतून जे पातळ अस्तर असतं ते? आणि तुकडे कापताना त्यांचा रंग कसा होता आठवतंय का, काही मळकट पांढरे आणि काही नारिंगी असे होते का?

सागरगोटी

हो मँटलच. आणि हो!! काही पिठूळ पांढरे होते आणि काही चक्क नारिंगी. वहीत लिहून ठेवलंय प्रत्येकाचं. याचा काय संबंध?

जुनी_भरती

मग वही काढ आणि दोन पीकवाले शिंपले कुठल्या रंगाचे होते ते ताडून बघ. मी पैजेवर सांगतो, जवळपास सगळे पांढरे निघतील.

कारण असं की मायटिलसच्या बाबतीत मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो हा नियमच लागू नाही. १९९० च्या दशकात हे लक्षात आलं तेव्हा लोकांना आधी तुझ्यासारखीच शंका आली होती की काहीतरी घोळ झालाय. याला दुहेरी एकपालकी वारसा म्हणता येईल. आई आपला मायटोकॉन्ड्रिया मुलींना पण देते आणि मुलांना पण. बाप आपला फक्त मुलांना देतो. म्हणजे मादीच्या अंगात एकच प्रकार, आईचा, त्याला एफ म्हणतात. नराच्या अंगात दोन, बाकी शरीरात मुख्यतः आईचा एफ, पण शुक्राणूंमध्ये बापाचा एम.

ही गोष्ट पेशीच्या पातळीवर फार सुंदर आहे, मला आजही याचं नवल वाटतं. मायटिलसच्या एका शुक्राणूत साधारण पाच मायटोकॉन्ड्रिया असतात. अंड्यात शिरल्यावर जो भ्रूण पुढे मादी होणार असतो त्यात हे पाच इकडेतिकडे विखुरतात आणि हरवून जातात. जो नर होणार असतो त्यात ते एकमेकांना धरून एका घोळक्यात राहतात, पेशी विभागत गेली तरी एकत्रच, आणि शेवटी ज्या पेशींपासून प्रजननाच्या पेशी तयार होतात नेमके त्यांच्यात जाऊन पोचतात. म्हणून बापाची ओळ मुलग्या-मुलग्यांतून पुढे चालत राहते. दोन्ही ओळी इतका काळ वेगळ्या चालल्यात की एकाच नराच्या अंगातल्या एफ आणि एममध्ये २० टक्क्यांच्या वर फरक सापडतो. म्हणून तर तुला अख्ख्या सिक्वेन्सभर दोन पीक दिसले.

आता मँटल का महत्त्वाचं. मायटिलसमध्ये प्रजननाचा मोसम आला की बीज मँटलमध्येच पसरतं. पिठूळ पांढरा तो शुक्राणूंनी भरलेला नर, नारिंगी ती अंड्यांनी भरलेली मादी. तू कापलास तो तुकडा निम्म्या शिंपल्यांत शुक्राणूंचाच होता. मायटोकॉन्ड्रिया बघायचा तर पायाचा तुकडा घे, नाहीतर शिंपला मिटून धरणारा स्नायू. पुन्हा काढ, वाईट वाटून घेऊ नकोस, मायक्रोसॅटेलाइटचा डेटा त्याने बिघडलेला नाही, तो केंद्रकातला आहे.

सागरगोटी

ताडून बघितलं. दोन पीकवाले सगळेच्या सगळे पांढरे. एकही नारिंगी नाही. मी इथे बसून अक्षरशः रडायच्या बेतात होते आणि आता हसू येतंय. उद्याच पायाचे तुकडे काढते. सर खूप खूप आभार. बाकीच्या दोन गोष्टींचं कोणी सांगेल का?

अनुवंश_वेडा

हेटेरोझायगोटचं मी घेतो. ताई तुमचं गणित चुकलेलं नाही, फक्त ते पहिल्या पिढीच्या हायब्रिडला लागू होतं आणि तुमच्या ढिगात बहुतेक ते फार कमी आहेत.

एक छोटं उदाहरण घ्या. एका प्रजातीत एका अ‍ॅलीलचं प्रमाण ०.९, दुसरीत ०.१ (अ‍ॅलील म्हणजे एकाच जीनचा एक प्रकार). दोन्ही आपापल्या घरात हार्डी-वाइनबर्गप्रमाणे (मुक्तपणे जुळत असतील तर कुठल्या जोड्या किती हव्यात ते सांगणारा नियम) चालल्यात, म्हणजे प्रत्येकीत हेटेरोझायगोट दोन गुणिले ०.९ गुणिले ०.१, बरोबर ०.१८. आता त्याच खडकावरून दोघींचे निम्मे-निम्मे शिंपले तुम्ही खरवडून एका पिशवीत टाकलेत आणि ही एकच लोकसंख्या आहे असं धरून चाललात. पिशवीत अ‍ॅलीलचं सरासरी प्रमाण ०.५, त्यावरून हेटेरोझायगोट ०.५ हवेत, मिळाले ०.१८. केवढी तूट! याला वालुंड इफेक्ट म्हणतात, १९२८ पासून माहीत असलेली गोष्ट आहे. म्हणजे तुमच्या त्या ठिकाणी तूट दिसतेय ती सांगतेय की दोन्ही प्रजाती शेजारी-शेजारी बसल्यात पण आपसात फारसं जुळत नाहीये. संकराच्या पट्ट्यात हे बऱ्याचदा दिसतं.

पण थांबा, लगेच लिहू नका. शिंपल्या-कालवांमध्ये आणखी एक कारण असतं, नल अ‍ॅलील. यांच्या डीएनएमध्ये इतके बदल असतात की प्रायमर (हवा तो भाग शोधायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) जिथे चिकटायचा तिथेच एखादं अक्षर बदललेलं निघतं, मग ते अ‍ॅलील उमटतच नाही आणि हेटेरोझायगोट असलेला प्राणी होमोझायगोट, म्हणजे एकच प्रकार असलेला, दिसतो. दोन्हीतला फरक कसा ओळखायचा तर, तूट एखाद-दोन मार्करनाच आहे पण चारही ठिकाणी आहे, तर नल अ‍ॅलीलचा संशय घ्या. तूट एकाच ठिकाणी आहे पण दोन प्रजातींत फरक दाखवणाऱ्या बहुतेक सगळ्या मार्करना आहे, तर वालुंड. शिवाय वालुंड असेल तर वेगवेगळ्या क्रोमोसोमवरचे मार्करसुद्धा एकमेकांशी बांधल्यासारखे वागतात, म्हणजे एका जागी एड्युलिसचं अ‍ॅलील असेल तर दुसऱ्या जागीही त्याचंच असण्याची शक्यता जास्त. हे लिंकेज डिसइक्विलिब्रियम जरूर मोजा, कारण मुक्तपणे जुळायला लागले तर हार्डी-वाइनबर्ग एका पिढीत जागेवर येतं पण हे बांधलेपण सुट्या क्रोमोसोमवरही दर पिढीला निम्मंच कमी होतं, त्यामुळे मिसळण किती ताजी आहे याचा अंदाज त्यातून येतो.

तिरपा_खेकडा

स्ट्रक्चरच्या पट्ट्यांबद्दल मला बोलायचंय कारण मी स्वतः यात सपशेल फसलोय, थिसिसचं एक प्रकरण परत लिहावं लागलं होतं.

त्या पट्टीत अर्धा-अर्धा आला म्हणजे पहिल्या पिढीचा हायब्रिड, असं अजिबात नाही. एफ१ ची, म्हणजे पहिल्या पिढीच्या हायब्रिडची, पट्टी अर्धी-अर्धी येते, एफ२ ची (दोन एफ१ ची पिल्लं) पण सरासरी अर्धी-अर्धीच येते, आणि पाचशे पिढ्या आपसात मिसळत आलेल्या टोळीतल्या प्राण्याची पण अर्धी-अर्धी येऊ शकते. पट्टी फक्त सांगते किती टक्के कुणाचं. ते कसं आलं ते नाही सांगत. त्यासाठी दुसरी गोष्ट मोजावी लागते, ज्या जागांवर दोन प्रजाती पूर्ण वेगळ्या आहेत तिथे त्या प्राण्याकडे एक-एक अशी दोन्हींची अ‍ॅलील आहेत का. एफ१ मध्ये अशा प्रत्येक जागेवर असतात, १०० टक्के. एफ२ मध्ये सरासरी निम्म्या जागांवर. एफ१ चा मूळ प्रजातीशी संकर झाला, म्हणजे बॅकक्रॉस, तर पुन्हा निम्म्या जागांवर, पण पट्टी पंचाहत्तर-पंचवीस. आडव्या अक्षावर टक्केवारी आणि उभ्या अक्षावर हे दुहेरीपण घेऊन ठिपके टाका, एक त्रिकोण तयार होतो. खालचे दोन कोपरे शुद्ध प्रजाती, वरचं टोक एफ१, आणि तुमचे साठ-चाळीसवाले त्रिकोणाच्या पोटात किंवा तळाशी पसरलेले दिसले तर समजा हा संकर जुना आहे आणि पिढ्यानपिढ्या चाललाय. मी पहिल्यांदा हा त्रिकोण काढला तेव्हा वरचं टोक जवळजवळ रिकामं होतं आणि मी ज्यांना एफ१ लिहून मोकळा झालो होतो ते सगळे खाली लोळत होते.

अजून एक, बारा मायक्रोसॅटेलाइट म्हणजे या कामाला फार तोकडे. साठ-चाळीस आणि ऐंशी-वीस यातला फरक त्यांना खात्रीने कळत नाही. आधी कॉम्प्युटरवर शुद्ध शिंपल्यांच्या डेटातून खोटे एफ१, एफ२, बॅकक्रॉस तयार करा आणि तेच बारा मार्कर त्यांना ओळखतात का बघा. नाही ओळखले तर थिसिसमध्ये तसं स्पष्ट लिहा. आणि शुद्ध नमुने संकराच्या पट्ट्यापासून लांबून आलेले हवेत, तुमच्या चार ठिकाणांपैकी दोन कोपऱ्यातली ठिकाणं शुद्ध धरू नका.

ग्लू-५ हा मार्कर चालवलाय का? शिंपला खडकाला चिकटायला जे धागे सोडतो त्यातल्या चिकट प्रथिनाचा जीन आहे तो. जेलवर एड्युलिसचा बँड १८० बेसपेअरला, ट्रॉसुलसचा (मायटिलसची तिसरी प्रजाती) १६८ ला आणि गॅलोप्रोव्हिन्सियालिसचा १२६ ला येतो, डोळ्यांनी दिसतो. स्वस्त आहे आणि एका दिवसात होतो. पण एकच जीन आहे हे लक्षात ठेवा. दोन बँड आले म्हणजे हायब्रिड आणि एकच आला म्हणजे शुद्ध असं नसतं, बॅकक्रॉसच्या निम्म्या पोरांमध्ये एकच बँड येणार.

सागरगोटी

त्रिकोण काढते आज रात्री. ग्लू-५ चे प्रायमर शेजारच्या लॅबमध्ये आहेत असं कळलंय. पण माझा मोठा प्रश्न कोणीच घेतला नाही, काला का नाही झाला??

जुनी_भरती

तो प्रश्न घ्यायला वेळ लागतो म्हणून ठेवला होता.

आधी "समुद्रात काही आडवं येत नाही" हे थोडं बाजूला ठेवू. आडवं पुष्कळ येतं, फक्त नकाशावर रेघ मारून दाखवता येत नाही. कॅरिबियनमध्ये ऑर्बिसेला नावाचे प्रवाळ आहेत, उन्हाळ्याच्या शेवटी पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री अंडी-शुक्राणूंचे गोळे सोडतात. फ्रँक्सी ही प्रजाती सूर्यास्तानंतर आपल्या बहिणींपेक्षा सुमारे दोन तास आधी सोडते. पाणी तेच, खडक तोच, रात्र तीच. पण दोन तासांत शुक्राणू पाण्यात इतके पातळ होतात आणि थकतात की उशिराच्या अंड्यांपर्यंत पोचून उपयोग नसतो. दोन तासांची भिंत! समुद्री साळूंमध्ये भिंत बाइंडिन नावाच्या प्रथिनाची असते, शुक्राणू अंड्याला चिकटतो तो त्याच्यामुळे, अबलोन गोगलगायींमध्ये लायसिनची. ही प्रथिनं इतर जीनपेक्षा झपाट्याने बदलतात, त्यामुळे दिसायला जुळ्या असलेल्या प्रजातींची कुलूप-किल्ली जुळत नाही.

आता तुझे शिंपले. इथे किल्ली बऱ्यापैकी जुळते, हायब्रिड होतात, मग पुढे? पुढे निवड काम करते. दोन्ही जीनोम लाखो वर्षं वेगळे चालले, प्रत्येकातले जीन आपल्या घरातल्या जीनशी जुळवून घेत आले. मिसळले की काही जोड्या जमत नाहीत आणि असे हायब्रिड कमी जगतात किंवा कमी पिल्लं देतात. दोन्ही बाजूंनी शुद्ध अळ्या वाहत येत राहतात, मध्ये हायब्रिड होत राहतात आणि गळत राहतात. या दोन जोरांचा तोल जिथे साधतो तिथे पट्टा टिकतो. बार्टन आणि हेविट या दोन शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हे नीट मांडलं, ताणाचा पट्टा म्हणतात त्याला. त्याची रुंदी ढोबळ मानाने येते ती पसरण गुणिले आठ भागिले निवडीचा जोर याचं वर्गमूळ. समज एका पिढीत अळी ३० किलोमीटर पसरते आणि हायब्रिडचा तोटा १० टक्के, तर आठ भागिले ०.१ म्हणजे ८०, त्याचं वर्गमूळ जवळपास ९, गुणिले ३०, म्हणजे साधारण २७० किलोमीटर. जमिनीवरच्या टोळांचा पट्टा काही शे मीटरचा असू शकतो, समुद्रातला शेकडो किलोमीटरचा, गणित तेच. तुझी चार ठिकाणं जर एवढ्याशा अंतरात असतील तर तू पट्ट्याच्या आत उभी राहून त्याची कड शोधतेयस असंही होऊ शकतं.

आणि हा पट्टा कुठे जाऊन थांबतो ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो सरकत-सरकत जिथे अळ्यांची ये-जा कमी असते किंवा पाणी बदलतं तिथे अडकून बसतो. बाल्टिकचं तोंड बघ. उत्तर समुद्राच्या बाजूला खारटपणा दर हजारी ३० च्या वर, आत गेलं की ७-८. एड्युलिस आणि ट्रॉसुलस शिंपले तिथेच भेटतात, कॉड, टर्बट या माशांचे जीनसुद्धा तिथेच बदलतात. वेगवेगळ्या प्राण्यांचा पट्टा त्याच सामुद्रधुनीत. नवशिके म्हणतात खारटपणाने प्रजाती तयार केल्या. मला तसं वाटत नाही, बऱ्याच वेळा भेद आधीचा असतो, दुसरीकडे कुठेतरी तयार झालेला, आणि पाण्याच्या बदलाने त्याला फक्त अडकवून ठेवलेलं असतं.

तरंगता_प्लवक

सर इथे थोडा असहमत. काला होतच नाही असं चित्र उभं राहतंय पण अर्धवट काला सगळीकडे झालेला आहे. तुम्ही ज्या बाल्टिकचं उदाहरण दिलंत तिथल्याच ट्रॉसुलसमध्ये मायटोकॉन्ड्रिया एड्युलिसचाच घुसून बसलाय, स्वतःचा जवळपास गेलाच. म्हणजे कोणी तिथे फक्त मायटोकॉन्ड्रिया बघून प्रजाती ठरवली तर सगळे एड्युलिस लिहून येईल. भिंत आहे पण ती जीनगणिक वेगळी आहे, काही जीन सहज आरपार जातात, काही अजिबात जात नाहीत.

आणि हायब्रिड म्हणजे फक्त गळणारे बिचारे असंही नाही. क्लायमिन डॉल्फिन घ्या. २०१४ च्या अभ्यासात दिसलं की त्याचा मायटोकॉन्ड्रिया पट्टेवाल्या डॉल्फिनच्या जवळचा आणि केंद्रकातला डीएनए स्पिनर डॉल्फिनच्या जवळचा, म्हणजे ही अख्खी प्रजातीच संकरातून आली असावी असं त्या लोकांनी मांडलं. उत्तर अटलांटिकच्या निळ्या देवमाशांमध्ये सरासरी सुमारे ३.५ टक्के डीएनए फिन देवमाशाचा सापडला, २०२४ ला आलंय ते. इतके मोठे प्राणी, इतके वेगळे दिसणारे, आणि त्यांची संकरित पिल्लं पुन्हा निळ्या देवमाशांमध्येच मिसळून गेली.

जुनी_भरती

मान्य. भिंतीऐवजी चाळण म्हणायला हवं होतं. पण निळ्या देवमाशाचं उदाहरण मला आनंदाचं वाटत नाही. शिकारीने संख्या एवढी घटली होती, जोडीदार शोधायला समुद्रभर फिरावं लागत असेल तर जो भेटेल तो.

अनुवंश_वेडा

हेच कासवांमध्ये दिसतं. ब्राझीलच्या बाहियामध्ये अंडी घालायला येणाऱ्या हॉक्सबिल कासवांपैकी ४० टक्क्यांच्या आसपास कासवांत मायटोकॉन्ड्रिया लॉगरहेडचा निघाला. दिसायला हॉक्सबिल, म्हणजे कधीतरी आई किंवा आजी-पणजी लॉगरहेड आणि बाप हॉक्सबिल. या दोन प्रजाती एकमेकींपासून कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्यात तरी पिल्लं होतात आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. मॅक्वेरी बेटावरच्या फर सीलचंही तसंच, १८१० ला बेट सापडलं, कातड्यासाठी थोड्याच वर्षांत सगळे मारले, नंतर तीन प्रजाती नव्याने येऊन बसल्या आणि आपसात जुळल्या. तिथे मात्र संकरित नरांना कमी पिल्लं होतात असं दिसलंय.

ताई, तुमच्या कामाच्या दृष्टीने मला ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकटिप शार्कचं उदाहरण सगळ्यात उपयोगी वाटतं. कार्कारायनस टिलस्टोनी आणि लिम्बेटस, दोघं इतके सारखे दिसतात की मणके मोजून नाहीतर डीएनए बघून ओळखतात. मणके आणि अंगाची लांबी एक प्रजाती सांगत होती, मायटोकॉन्ड्रिया दुसरी. लोक सहज म्हणू शकले असते नमुन्यावर चुकीचं लेबल लागलं. पण त्यांनी केंद्रकातला मार्कर तपासला आणि २००० किलोमीटरच्या किनाऱ्यावर ५७ हायब्रिड निघाले. तुमच्यासारखंच, आधी चूक वाटलेली गोष्ट.

तरंगता_प्लवक

आणि ग्रीनलंडची ती कवटी! डिस्को उपसागरातल्या एका शिकाऱ्याने १९८० च्या दशकात मारलेला विचित्र राखाडी प्राणी, कवटी अवजारांच्या खोपटावर ठेवली होती, तिथून ती संग्रहालयात गेली. तोंडात १८ दात, त्यातले काही स्क्रूसारखे पिळलेले. २०१९ ला डीएनए बघितला तर आई नारव्हेल, बाप बेलुगा (दोन्ही आर्क्टिकमधले देवमासे), पहिल्या पिढीचा नर. हाडातला कार्बन सांगत होता की तो दोघांच्याही पद्धतीने खात नव्हता, समुद्राच्या तळाशी चरत होता. आजवर एवढा एकच सापडलाय. सागरगोटी, तुझ्या त्रिकोणाच्या वरच्या टोकावर एखादा ठिपका आला तर तो असा एकटा असेल, त्याला जप.

तिरपा_खेकडा

एक मधेच विचारतो. एफएसटी (दोन लोकसंख्यांतला जनुकीय फरक मोजणारा आकडा) कमी आला म्हणजे भरपूर मिसळतायत असं समुद्री प्राण्यांत म्हणता येतं का? मला परीक्षक हेच विचारत राहिले होते आणि मी गडबडलो होतो.

जुनी_भरती

फार जपून. सूत्राप्रमाणे दर पिढीला बाहेरून एक पाहुणा प्राणी आला तरी एफएसटी ०.२ वर येतो, दहा आले तर ०.०२४. पण ते सूत्र लाखो वर्षं सगळं स्थिर आहे असं धरतं. लोकसंख्या प्रचंड असेल तर ये-जा पूर्ण बंद झाल्यावरही जीनचं प्रमाण हलायला हजारो पिढ्या लागतात आणि तोवर एफएसटी कमीच दिसतो. म्हणजे कमी एफएसटी दोन गोष्टींमुळे येऊ शकतो, आज मिसळतायत किंवा काल मिसळत होते. उलट कधी-कधी शेजारच्या दोन खडकांत विनाकारण फरक दिसतो, कारण एका मादीची लाखो अंडी असतात आणि एखाद्या वर्षी योग्य प्रवाह मिळालेल्या मोजक्याच आई-बापांची पिल्लं सगळीकडे बसतात. हेजकॉक यांनी याला लॉटरीसारखं प्रजनन म्हटलं होतं. म्हणून एका वर्षाच्या नमुन्यावरून किनाऱ्याचा इतिहास लिहू नये.

खरोखर मिसळणारे बघायचे तर ईल मासे बघा. युरोपभरचे ईल अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात जाऊन अंडी घालतात आणि सगळी एकच लोकसंख्या. अमेरिकन ईलही तिथेच जातात. दोघांचे मणके वेगळे, अमेरिकनचे साधारण १०७, युरोपियनचे ११४ च्या आसपास. हायब्रिड मुख्यतः आइसलँडमध्ये सापडतात, दोन खंडांच्या मधोमध. अळी म्हणून किती दिवस वाहायचं हे त्यांच्यात दोघांच्या मधलं असावं असा एक तर्क आहे.

सागरगोटी

पाच दिवसांनी आलेय. पायाच्या तुकड्यांतून सीओआय पुन्हा केलं. दोन पीक गेले! ग्राफ इतके स्वच्छ की मी लॅबमध्ये सगळ्यांना बोलावून दाखवले. तीन शिंपले सोडून. त्या तीनमध्ये पायातही दुसरा पीक आहे, बारीक पण आहे, आणि त्यातला एक नारिंगी आहे, म्हणजे मादी.

त्रिकोणही काढला. बहुतेक ठिपके तळाशी आणि पोटात, वरच्या टोकाजवळ फक्त दोन. त्या दोनपैकी एक म्हणजे हीच नारिंगी. ग्लू-५ वर तिचे दोन बँड आले, १८० आणि १२६. हेटेरोझायगोटची तूट त्या एका ठिकाणी बारापैकी नऊ मार्करना आहे, बाकी ठिकाणी नाही, म्हणजे वालुंडच ना? गाइडना सगळं दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले दुरंगीवालं वाक्य काढून टाक.

जुनी_भरती

वालुंडच, पण लिंकेज मोजून दाखव.

नरांच्या पायात एमचा बारीक अंश कधी-कधी सापडतो, त्या दोघांची काळजी नको. मादी मात्र वेगळी आहे. हायब्रिडमध्ये बापाच्या मायटोकॉन्ड्रियाची ही व्यवस्था बिघडते हे प्रयोगांत दिसलेलं आहे, नरात एम न पोचणं किंवा मादीत शिल्लक राहणं असं होतं. तू जी एफ१ म्हणतेयस तिच्यात नेमकं हेच होत असेल. तिचं काय-काय शिल्लक आहे फ्रीझरमध्ये? कल्ले, स्नायू, अंड्यांचा भाग, सगळ्यांचा वेगवेगळा डीएनए काढ, एम आणि एफचे वेगळे प्रायमर वापर, आणि प्रत्येक वेळी कात्री-चिमटा नवा घे म्हणजे कोणी सांडलं म्हणू शकणार नाही.

सागरगोटी

कल्ले आणि स्नायू आहेत. मँटलचाही अर्धा तुकडा उरलाय. उद्या सकाळी लागते कामाला, आल्यावर इथेच टाकते.